हिशेबनिसाचे टोक

१८४१ साली जेम्स क्लार्क रॉस हा इंग्रज दर्यावर्दी ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन दक्षिणेच्या बर्फात घुसला आणि जे जे दिसेल त्याला नाव देत पुढे सरकला. उंच शिखरे बड्या माणसांच्या वाट्याला गेली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या नावाने तिथे ३,३३५ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या समोर, खाडीपलीकडे, समुद्रात घुसलेले एक भूशिर आहे. ते मिळाले ‘एरेबस’च्या हिशेबनिसाला. टॉमस हॅलेट त्याचे नाव. जहाजावरचा पैसा आणि शिधासामग्री सांभाळणारा हा माणूस केप हॅलेट म्हणून नकाशावर कायमचा बसला.

पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांत या टोकावर जे घडले, त्याला हिशेबनिसाचेच नाव असावे हा योग मोठा समर्पक आहे.

केप हॅलेट अंटार्क्टिकात रॉस समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७२ अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित पलीकडे आहे. भूशिराच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांची एक सखल, सपाट जीभ पाण्यात शिरली आहे. तिला सीबी हुक म्हणतात. अंटार्क्टिकाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग बर्फाविना उघडा आहे. त्यात किनाऱ्यालगतची, सपाट, पाण्यातून सरळ चालत वर येता येईल अशी जागा मिळणे म्हणजे दुर्मिळातले दुर्मिळ. माणूस तिथे पोहोचायच्या कितीतरी आधी ही जागा ॲडेली पेंग्विनांनी हेरली होती.

माणसाच्या गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा हा पक्षी, वजन चार-पाच किलो. ऑक्टोबरात नर येतात, बहुधा गेल्या वर्षीच्याच जागी. घरटे म्हणजे गोट्यांचे आळे. गोटे चोचीतून एकेक करून आणायचे आणि शेजाऱ्याची नजर चुकली की त्याचेही पळवायचे. नोव्हेंबरात दोन अंडी, डिसेंबरात पिले, फेब्रुवारीत ती पिले समुद्रावर रवाना. विष्ठा, गोटे आणि मेलेल्या पिलांचे अवशेष यांचे थर शतकानुशतके साचून वसाहतीत उंचवटे तयार होतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाहू लागते तेव्हा उंचवट्यावरचे अंडे कोरडे राहते, खोलगटातले पाण्यात जाते. म्हणजे ती जमीनसुद्धा पेंग्विनांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून घडवलेली असते.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष ठरले. पृथ्वीचे चुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश, हवामान, भूकंप यांची नोंद साऱ्या जगाने एकाच वेळी घ्यायची, असा तो बेत होता. त्यासाठी अमेरिका आणि न्यूझीलंड यांनी मिळून केप हॅलेटला संशोधन केंद्र उभारायचे ठरवले. १९५६ च्या अखेरीस जहाजे आली. ‘अर्नेब’ या मालवाहू जहाजाला तिथल्या बर्फाने असे दाबले की त्याचे पोट फुटले. तरी काम थांबले नाही. अमेरिकी आरमाराची बांधकाम पथके सीबी या नावाने ओळखली जातात आणि त्यांच्यावरूनच त्या जिभेला नाव मिळाले आहे. जानेवारी १९५७ मध्ये केंद्र उभे राहिले. त्याआधी जागा मोकळी करावी लागली. साडेसात हजारांहून जास्त पेंग्विन तिथून हलवण्यात आले. त्यांत तीन हजारांहून जास्त पिले होती. उंचवटे सपाट करण्यात आले आणि उठवलेले पक्षी परत येऊ नयेत म्हणून कुंपण घालण्यात आले.

हे करणारी माणसे क्रूर नव्हती. समुद्र जहाजांना वाट देतो तो उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांपुरताच आणि पेंग्विनांची पिले वाढतात तीही त्याच आठवड्यांत. इमारतीला उघडी जमीन लागते आणि अंड्यालाही तीच लागते. दोघांची गरज एक, हंगाम एक, जागाही एक. त्यात ज्याच्याकडे बुलडोझर होता तो जिंकला. आपद्धर्म म्हणून हे खपवता येईल का? आपद्धर्म संकटात लागू होतो, आणि इथे संकट कोणावर असेल तर ते पेंग्विनांवर होते. शास्त्रज्ञांवर होती ती फार तर निकड.

कायदाही मोडला नव्हता, कारण मोडायला कायदाच नव्हता. अंटार्क्टिक करार झाला १९५९ मध्ये. तिथल्या पशुपक्ष्यांना परवान्याशिवाय मारू, पकडू वा त्रास देऊ नये असे नियम करारातल्या देशांनी मान्य केले १९६४ मध्ये. तेव्हा गुन्हा नाही. खंडावर मूळची मनुष्यवस्ती कधीच नव्हती, त्यामुळे कोणा आदिवासींची जमीन लाटली असाही आरोप नाही. देऊळ नाही, पीठ नाही, क्षेत्रपाल नाही, कोपेल असा देव नाही. पेंग्विन कोर्टात जात नाहीत. मग पाप घडले म्हणायचे तर ते कोणाविरुद्ध? आणि त्याचे देणे लागते ते कोणाला?

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेच्या हक्काची जी मांडणी केली ती अशी: निसर्गातल्या एखाद्या वस्तूत आपले श्रम मिसळले की ती आपली होते, मात्र इतरांसाठी तेवढेच आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. लॉकने हा हक्क पेंग्विनांना कधीच दिला नसता, कारण त्याच्या लेखी जनावरे माणसाच्या उपयोगासाठीच होती. पण त्याचीच फूटपट्टी सीबी हुकला लावली तर निकाल पेंग्विनांच्या बाजूने लागतो. गोटा न्‌ गोटा वाहून आणलेला, जमीन स्वतः रचलेली, आणि उठवल्यावर तितकीच चांगली दुसरी जागा आसपास नाही. लॉकच्या मांडणीतून उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी घेण्याचेही समर्थन काढले गेले. त्यामुळे त्याच्या तराजूवर फार विसंबू नये हे बरे.

आपल्याकडच्या जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार अधिक बारकाईने करून ठेवला आहे. महाराष्ट्रातल्या जैन घरांतही रोज म्हटले जाणारे एक प्राकृत सूत्र आहे, ‘इरियावहियं’. येता-जाता आपल्या पावलांनी जीवांना जी इजा होते तिची कबुली त्यात आहे. एकेंद्रिय ते पंचेंद्रिय असे सगळे जीव त्यात येतात आणि इजेचे प्रकारही एकेक करून सांगितलेले आहेत. आपटणे, झाकून टाकणे, चिरडणे, एकत्र ढीग करणे, घाबरवणे असे करत यादी शेवटाकडे येते. जीव घेणे सर्वांत शेवटी आहे. आणि त्याच्या अगदी आधी, स्वतंत्र दोष म्हणून, जीवाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवणे!

ही नोंद विलक्षण आहे. मारले नाही, जखमही केली नाही, नुसते उचलून पलीकडे ठेवले तरी तो दोषच. ज्याने कोणी ही यादी रचली त्याने मुंगीला पानावर घेऊन अंगणाबाहेर सोडणाऱ्या दयाळू माणसालाही सोडलेले नाही. केप हॅलेटला पेंग्विन हलवणारे बांधकामवाले बहुधा हाच विचार करत असतील की आपण मारत तर नाही, सरकवतो आहोत. जैन सूत्र त्यांना म्हणेल, त्यालाही रकाना आहे.

पण या कबुलीची एक मर्यादा आहे. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून क्षमा मागणारा माणूस स्वतः हलका होतो. हललेल्या जीवाला त्यातून परत काही मिळत नाही. धर्मशास्त्रातल्या प्रायश्चित्तांचेही तेच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्राणी आणि पक्षी मारल्याबद्दलची प्रायश्चित्ते दिली आहेत. हंस, बगळा, मोर, ससाणा यांपैकी कोणी मारला गेला तर ब्राह्मणाला एक गाय द्यावी. मेला हंस, आणि गाय गेली ब्राह्मणाच्या गोठ्यात. हंसाच्या थव्याच्या पदरी काय पडले, हे विचारायचे स्मृतिकारांना सुचले नाही, कारण प्रायश्चित्त हा त्यांच्या दृष्टीने करणारा आणि त्याचे पाप यांच्यामधला व्यवहार होता.

याच शास्त्रात एक फार टोकदार वाद आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांची सविस्तर चर्चा केली आहे. नकळत घडलेल्या पापाला प्रायश्चित्त आहे याबद्दल स्मृतिकारांत मतभेद नाही. जाणूनबुजून केलेल्या पापाचे काय, यावर मात्र ते अडखळतात. मनू दोन्ही मते नोंदवतो. याज्ञवल्क्य मधला मार्ग काढतो: बुद्धिपुरस्सर पाप करणाऱ्याने प्रायश्चित्त घेतले तर तो व्यवहार्य होतो, म्हणजे लोक त्याच्यासोबत उठूबसू शकतात, पण पाप धुतले जात नाही.

केप हॅलेटला लावायचे झाले तर याज्ञवल्क्यच लावावा. तिथले विस्थापन अपघात नव्हता. नकाशा काढून, जहाजे मागवून, हंगाम पाहून केलेले ते काम होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोळा वर्षांत या केंद्राने खरे काम केले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून मॅकमर्डो या अमेरिकी केंद्राकडे जाणाऱ्या विमानांना इथल्या हवामानाच्या नोंदींचा आधार होता. चुंबकत्वाची आणि ध्रुवीय प्रकाशाची निरीक्षणे वर्षभर चालत. आणि ज्यांना उठवले त्या ॲडेलींचाच अभ्यास कुंपणापलीकडे जोरात झाला. जगाला या पक्ष्यांबद्दल जे कळले त्यात हॅलेटचा वाटा मोठा आहे. १९६७ मध्ये एडमंड हिलरी न्यूझीलंडच्या गिर्यारोहकांची तुकडी घेऊन इथे आले आणि त्या तुकडीने समोरचा माउंट हर्शेल पहिल्यांदा सर केला. त्याआधी १९६४ मध्ये आगीत मुख्य प्रयोगशाळा जळाली होती. तेव्हापासून केंद्र फक्त उन्हाळ्यात चालू लागले आणि १९७३ मध्ये कायमचे बंद झाले.

मधल्या काळातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९६६ मध्ये करारातल्या देशांनी केप हॅलेटचा एक तुकडा खास संरक्षित म्हणून जाहीर केला. का? तर तिथे शेवाळ आणि दगडफुलाच्या जातकुळीतली वनस्पती त्या भागाच्या मानाने चांगली पसरली आहे म्हणून. पेंग्विनांची वसाहत हद्दीबाहेरच राहिली. ती आत यायला २००२ साल उजाडले. दगडफुलाला जे संरक्षण लगोलग मिळाले ते पेंग्विनांना मिळायला आणखी छत्तीस वर्षे लागली. दगडफुलाच्या जागेवर कोणाला इमारत बांधायची नव्हती, एवढाच काय तो फरक.

आकडे काय सांगतात? १९५९ मध्ये केप हॅलेटला ॲडेलींच्या सुमारे ६३ हजार जोड्या मोजल्या गेल्या. १९६८ पर्यंत त्या ३७ हजारांच्या आसपास आल्या. केंद्र बंद झाल्यावर संख्या पुन्हा वाढत गेली आणि १९८७ च्या सुमारास १९५९ च्या पातळीच्या जवळ पोहोचली. सगळा दोष केंद्राच्या माथी मारणे बरोबर नाही. समुद्रावरचा बर्फ, माशांची आणि क्रिल या कोळंबीवजा जीवांची उपलब्धता यांवरही पेंग्विनांची संख्या खालीवर होते, आणि पुढेही होत राहिली. पण प्रत्यक्ष केंद्राखालच्या जागेचा प्रश्न निराळा आहे. तिथे पक्षी सहजी परतले नाहीत, कारण परतण्याजोगे काही उरले नव्हते. उंचवटे गेले होते.

बंद पडलेले केंद्र तसेच सोडून निघून जाणे ही त्या काळची रीतच होती. मॅकमर्डोला कचरा समुद्रावरच्या बर्फावर नेऊन ठेवत. उन्हाळ्यात बर्फ फुटला की तो कचऱ्यासकट वाहून जाई, आणि दृष्टीआड सृष्टी. विल्क्स हे केंद्र अमेरिकेने १९५७ मध्ये बांधले, १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवाली केले आणि दहा वर्षांनी ते सोडण्यात आले. पिंपे, डबे, इमारती यांच्यासकट ते बर्फात बुडाले. हॅलेटलाही इमारती, तेलाची टाकी, पिंपे आणि भंगार वाऱ्यावर सोडलेले होते.

मग १९८० च्या दशकात अमेरिका आणि न्यूझीलंड यांनी तिथे परत जाऊन आवराआवर सुरू केली. काम थांबत-थांबत, तुकड्या-तुकड्यांनी, पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. मध्येच, १९९१ मध्ये, माद्रिद इथे पर्यावरण संरक्षणाचा करार झाला आणि १९९८ मध्ये तो अमलात आला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने सांगितले की ज्याने घाण केली त्याने ती काढावी. सोडून दिलेली कामाची ठिकाणेही त्यात आली. अपवाद दोनच: जागा ऐतिहासिक ठरली असेल तर, आणि काढण्याने होणारे नुकसान ठेवण्याच्या नुकसानीपेक्षा जास्त असेल तर.

हॅलेटला इमारती काढून नेल्या, तेल काढून नेले, आणि एवढ्यावर न थांबता उंचवटे पुन्हा रचले. पेंग्विनांनी यावे म्हणून. मनूने सांगितलेल्या गायीच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे. इथे दान ब्राह्मणाला गेले नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याच दारात ते नेऊन ठेवले, आणि तेही नुकसान ज्या रूपात झाले होते त्याच रूपात. गोट्यांचा ढीग घेतला होता, गोट्यांचा ढीग परत दिला. कोणत्याही धर्माच्या नावाने न केलेल्या या कामात प्रायश्चित्ताची कल्पना स्मृतींपेक्षा एक पायरी पुढे गेली आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

हे शुद्ध पुण्य मात्र नाही. ज्यांना १९५७ मध्ये उठवले ते पक्षी तोवर कधीच मेले होते. ॲडेली साधारण दहा-वीस वर्षे जगतो. परतफेड मिळाली ती त्यांच्या वंशजांना. शिवाय आवराआवर करायलाही यंत्रे आणावी लागली आणि तीही उन्हाळ्यातच, म्हणजे पुन्हा पिलांच्या हंगामात. आणि देशांनी हे सारे केवळ पश्चात्तापाने केले, असे समजणेही भाबडेपणाचे होईल. अंटार्क्टिकावर कोणाचे राज्य चालावे हा प्रश्न करारात बासनात गुंडाळून ठेवलेला आहे. न्यूझीलंडचा रॉस समुद्राच्या प्रदेशावर जुना दावा आहे. तिथे चांगला कारभारी म्हणून दिसणे त्याच्या फायद्याचे आहे. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचे तर हे देश व्यवहार्य झाले, परिषदांच्या टेबलावर बसायला मोकळे झाले. पाप मात्र त्याच्या मते धुतले जात नाही, आणि ते इथेही फिटले असे म्हणता येत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड गाठ आहे ती ‘ऐतिहासिक’ या अपवादाची.

केप हॅलेटच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर केप ॲडेर आहे. तिथे कार्स्टन बोर्कग्रेविंकच्या दहा जणांनी १८९९ चा हिवाळा काढला. अंटार्क्टिक खंडावर हिवाळाभर राहिलेली ही पहिली माणसे. त्यांतला प्राणिशास्त्रज्ञ निकोलाय हॅन्सन ऑक्टोबरात वारला. वरच्या कड्यावर त्याला पुरले आहे आणि त्या खंडावरचे ते पहिले ज्ञात दफन मानले जाते. या मंडळींची नॉर्वेहून आणलेल्या लाकडाची झोपडी अजून उभी आहे. कुठे, तर जगातल्या सर्वांत मोठ्या ॲडेली वसाहतीच्या मधोमध! तिला कोणी भंगार म्हणत नाही. न्यूझीलंडची वारसा संस्था तिची डागडुजी करते. तिथे सापडलेला शंभर वर्षांहून जुना, डब्यातला फळांचा केक २०१७ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला.

रॉस बेटावरच्या केप इव्हान्सला तर दोन्ही न्याय एकाच टोकावर पाहायला मिळतात. कॅप्टन स्कॉटची १९११ ची झोपडी तिथे जपून ठेवली आहे. पुढे शॅकल्टनच्या मोहिमेची एक तुकडी तिथे अडकून पडली. तिच्यातल्या आर्नल्ड स्पेन्सर-स्मिथ या धर्मगुरूने फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत छोटी वेदी मांडून उपासना चालवली. १९१६ मध्ये बर्फावरच्या प्रवासात तो गेला. त्याच्या आणि दोन सोबत्यांच्या स्मरणार्थ टेकडीवर क्रूस उभा आहे. याच केप इव्हान्सला १९८७ मध्ये ग्रीनपीस या संघटनेने स्वतःचे केंद्र थाटले. बड्या देशांच्या केंद्रांवर पाळत ठेवणे हा त्यांचा हेतू होता. १९९२ पर्यंत त्यांनी ते पूर्ण उचलून नेले. मागे काही ठेवले नाही, ही त्यांच्या अभिमानाची बाब होती. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एकाचे राहून गेलेले सामान वारसा ठरले आणि दुसऱ्याचे काही न राहणे भूषण ठरले.

वयाचा प्रश्न आहे म्हणावे, तर तेही टिकत नाही. २००१ मध्ये करारातल्या देशांनी असा संकेत ठरवला की १९५८ पूर्वीचे अवशेष आढळले तर ते ऐतिहासिक आहेत का हे ठरेपर्यंत त्यांना हात लावू नये. हॅलेट १९५७ चे. साल पाहिले तर ते रेषेच्या वारशाच्या बाजूला पडते. त्याच जानेवारी १९५७ मध्ये, त्याच न्यूझीलंडने, रॉस बेटावर हिलरींच्या मोहिमेसाठी एक झोपडी बांधली. ती आज ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आहे आणि तिच्यावर पैसा खर्च करून तिचे मूळ रंगरूप परत आणले गेले. महिना तोच, देश तोच. फरक इतकाच की एका झोपडीला एव्हरेस्टवीराचे नाव होते आणि दुसऱ्या केंद्रात पाळ्या लावून मोजमापे घेणारी, नाव नसलेली माणसे राहत होती. त्यांच्या भूशिराला नाव मिळाले ते हिशेबनिसाचे. वीरांची पादत्राणे पुजायची आणि कारकुनांच्या वह्या रद्दीत घालायच्या, ही माणसाची सवय शून्याखाली चाळीस अंशांतही सुटत नाही.

तरीसुद्धा हॅलेट उचलले गेले हेच योग्य झाले, आणि याचे कारण वीरांशी वा वयाशी संबंधित नाही. स्मारकाचा हक्क हा जिवंतांच्या स्मृतीचा हक्क आहे. ती स्मृती छायाचित्रांत, नोंदवह्यांत, वस्तुसंग्रहालयात राहू शकते. पेंग्विनांना मात्र उघडा, कोरडा, उंच गोटेमाळच लागतो. तो संग्रहालयात हलवता येत नाही. दोन गरजांपैकी जिची भागवणूक दुसरीकडे होऊ शकते तिने बाजूला सरावे, हा न्याय साधा आहे. या न्यायाने केप ॲडेरच्या झोपडीलाही एक दिवस उत्तर द्यावे लागेल. ती पहिली होती हे खरे, पण तिथे पहिले कोण होते हे तिच्या भोवती बसलेल्या लाखो पक्ष्यांकडे पाहिले की कळते. ती आज पाडा असे कोणी म्हणणार नाही, पाडण्यातच पक्ष्यांना जास्त त्रास होईल. पण ‘ऐतिहासिक’ हा शिक्का म्हणजे देणे माफ झाल्याचा दाखला नव्हे.

२००३ नंतर काही उन्हाळे शास्त्रज्ञ पुन्हा केप हॅलेटला गेले. माती, शेवाळ आणि समुद्रतळाचे जीव अक्षांशानुसार कसे बदलतात हे पाहायला. या वेळी ते तंबू ठोकून राहिले आणि काम झाल्यावर तंबू गुंडाळून परतले. आता तो सगळा भाग अंटार्क्टिकाच्या खास संरक्षित क्षेत्र क्रमांक १०६ मध्ये येतो आणि परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही.

भारतालाही हा हिशेब चुकत नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ मध्ये उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या हिमपट्टीवर होते. काही वर्षांतच ते बर्फाखाली जाऊ लागले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. ‘मैत्री’ १९८९ पासून शिर्माकर टेकड्यांत खडकावर उभे आहे. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांत सुरू झालेले ‘भारती’ १३४ कंटेनर जोडून बांधले आहे. बांधतानाच ते एक दिवस सुटे करून परत नेता येईल असे रचले गेले, ही गोष्ट कौतुकाची आहे. या सगळ्याचा कारभार चालतो वास्कोच्या हेडलँड सड्यावरून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०२२ मध्ये संसदेने अंटार्क्टिक कायदाही केला, आणि तिथल्या संशोधनासाठी व पर्यावरणरक्षणासाठी निधीची तरतूद त्यात आहे.

‘मैत्री’ आता म्हातारे झाले आहे आणि त्याच्या जागी नवे केंद्र उभारण्याची तयारी चालू आहे. नव्या केंद्राच्या खर्चावर चर्चा होईल, छायाचित्रे छापली जातील, फीत कापली जाईल. त्याच कागदावर जुने केंद्र काढून नेण्याचा खर्च, त्याचे वेळापत्रक आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदही छापले जायला हवे, आणि तो कागद कोणालाही वाचता येईल असा ठेवला जायला हवा. अंटार्क्टिकाला मतदार नाहीत, त्यामुळे ही मागणी तिथून येणार नाही. ती इथल्या वाचकांनी आपापल्या खासदाराकडे, नव्या इमारतीचा पहिला कंटेनर जहाजावर चढण्याआधी, लेखी करावी.